बडीशेपेची डबी

बाहेर निघण्याआधी तो जॅकेटच्या खिशावर दोनदा थाप मारायचा आणि स्वतःशीच म्हणायचा, "आहे, आहे." पाकीट नव्हे हो, फोनही नव्हे. वेप! बॅटरीवर चालणारी ती वाफेची सिगरेट.

अमेरिकेत, हर्नडनच्या ऑफिसात तो माझ्या शेजारच्या डेस्कवर बसायचा. नागपूरचा, कामात हुशार आणि स्वतःच्या जिवाबद्दल कमालीचा बेफिकीर. वेपच्या बोटभर लांबीच्या बॅटऱ्यांची एक जादा जोडी किल्ल्यांबरोबर खिशात सुटीच पडलेली असायची. त्यांच्यावरचं प्लास्टिकचं वेष्टनही फाटलेलं. "अरे, किल्ली लागून शॉर्ट झालं तर खिसा पेटेल!" मी ओरडायचे. त्याचं उत्तर ठरलेलं. "काही नाही होत ना, ताई."

शेवटी वैतागून मीच त्याला बॅटऱ्या ठेवायची प्लास्टिकची डबी आणून दिली. म्हटलं, "यात ठेव. आणि ही फाटकी जोडी दुकानात परत देऊन टाक, नवी घे." "हो हो," म्हणाला. मोठा आज्ञाधारक!

मग उन्हाळ्यात त्याची आई राहायला आली. वडील तंबाखूपायी तोंडाच्या कॅन्सरने गेलेले. "आईला वेपचं कळलं ना ताई, तर ती कोसळेल," तो म्हणाला. त्याला एवढं घाबरलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं.

एका रविवारी काकूंनी, म्हणजे त्याच्या आईनं, मला जेवायला बोलावलं. पाटवडीचा झणझणीत रस्सा झाला. जेवण होताच साहेब "कचरा टाकून येतो" म्हणून खाली गेले. कचरा कसला, मला माहीत होतं की!

"थांबा, बडीशेप देते," काकू म्हणाल्या. दाराशी टांगलेल्या त्याच्या जॅकेटमधून त्यांनी एक स्टीलची डबी काढली. तो अमेरिकेला निघाला तेव्हा त्यांनीच ती भरून दिली होती. आत किती उरलीय ते बघायला त्यांनी ती कानाशी धरून हलवली. आपण सगळ्याच हलवतो. आत काहीतरी जड खडखडलं.

"हे काय भरून ठेवलंय यानं?" त्या झाकण ओढू लागल्या. झाकण घट्ट. "अगं बाई, तापली की ही!" असं म्हणत म्हणत ओढतच राहिल्या.

"काकू, टाका ती! टाका!" मी किंचाळले. तोवर फुस्स आवाज झाला, धूर आला, जाळ आला. डबी खाली पडली, पण त्यांचा उजवा तळवा भाजून निघाला होता.

पठ्ठ्यानं काय केलं होतं माहीत आहे? मी दिलेल्या प्लास्टिकच्या डबीत बडीशेप ओतली होती आणि त्या फाटक्या बॅटऱ्या आईच्या स्टीलच्या डबीत. हलवताच त्या स्टीलला लागून शॉर्ट झाल्या. अनोळखी डबी दिसली तर आई उघडून बघेल, स्वतःचीच कशाला उघडेल, हा त्याचा हिशेब. आई त्या डबीत बडीशेपच शोधेल, हे एवढ्या हुशार डोक्यात आलंच नाही! असा संताप आला होता मला.

हॉस्पिटलात मान खाली घालून त्यानं सगळं सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "सांगितलं असतंस तर मी रडले असते रे. बोलले असते, जेवले नसते. पण ती डबी हातात घट्ट धरून बसले नसते." तो हमसून हमसून रडला. माझा संताप तिथेच विरला, वाईट तेवढं वाटत राहिलं.

काकूंची दोन बोटं अजून पुरती मिटत नाहीत. त्यांना घेऊन तो नागपूरला गेला आणि तिथेच राहिला. परवा फोनवर विचारलं, "वेप सुटलं का रे?"

"सुटलं ना, ताई. उशिरा सुटलं. थांबा, आईला घास भरवतोय, नंतर करतो."

जाताना ती प्लास्टिकची डबी तो माझ्या डेस्कवर ठेवून गेला, बडीशेपेसकट. जेवण झालं की मी त्यातली चिमूटभर खाते. किती उरली आहे ते मात्र हलवून बघत नाही. झाकण उघडूनच बघते.