अकरा दिवस उघडं दप्तर

संस्थेच्या कमिटीत तिला सगळे कुलूपबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तीही हसून घेई. बावीस वर्षं इस्पितळाच्या रेकॉर्ड रूममध्ये काढलेल्या बाईला हे नाव काही वाईट नव्हतं. तिच्या खुर्चीमागे लोखंडी रॅक, रॅकवर माणसांची दुखणी फायलीत बांधून ठेवलेली, आणि किल्ली तिच्या कमरेला. एकदा खुद्द मोठ्या डॉक्टरांनी आपल्या होणाऱ्या जावयाची फाईल ‘सहज’ मागितली, तर हिनं त्यांच्यापुढे मागणीचा छापील कागद सरकवला. डॉक्टर कागद न भरताच गेले आणि पुढे वर्षभर तिच्याशी बोलले नाहीत. ती म्हणे, “तेवढाच वेळ वाचला.”

संस्था होती फिट येणाऱ्या मुलांच्या आईबापांची. तिचा स्वतःचा धाकटा भाऊ शाळेच्या पोहण्याच्या तलावात फिट येऊन गेला होता. लोक काय म्हणतील म्हणून घरच्यांनी शाळेला कळवलंच नव्हतं. तेव्हापासून तिचं मत पक्कं झालेलं. दुखणं लपवू नये, पण कुणाला सांगायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. दुसऱ्यानं ते चव्हाट्यावर आणू नये.

संस्थेत साडेतीनशे घरं, आणि तीही विखुरलेली. महिन्याच्या सभेला येत जेमतेम तीस माणसं. गोळी बदलली आणि पोराला झोपच येईना, तर त्या आईनं सभेपर्यंत काय करायचं? म्हणून ईमेलची मेलिंग लिस्ट काढायचं ठरलं. एका पत्त्यावर लिहिलं की सगळ्यांना पोचावं, आणि ज्याला ठाऊक असेल त्यानं उत्तर द्यावं.

अध्यक्ष होते तिचे थोरले दीर, निवृत्त हेडमास्तर. घरात भाऊजी, संस्थेत सर. ते म्हणाले, “मेल कसले करतेस, धाकटे? फोनवर ग्रुप काढ. पाच मिनिटांचं काम.”

“फोनच्या ग्रुपात प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, भाऊजी.”

“दिसू दे की. आपण काय चोर आहोत?”

“चोराला कशाला लपावं लागतंय? या दुखण्यात साध्या माणसालाच लपावं लागतं.”

भाऊजी हसले आणि तिच्यावर सोपवून मोकळे झाले.

मुलीला स्थळ बघावं तसं तिनं दोन महिने सॉफ्टवेअर बघितलं. एक फुकट होतं, मोठ्या कंपनीचं. त्यात फिटच्या गोळीबद्दल एक पत्र लिहून पाहिलं, तर बाजूला गोळ्यांच्याच जाहिराती येऊ लागल्या. म्हणजे पत्र कुणीतरी वाचत होतं. नको. दुसरं जुनं, नावाजलेलं. ते दर महिन्याच्या एक तारखेला सभासदाला त्याचा पासवर्ड साध्या पत्रात लिहून पाठवी. “कुलूप लावायचं आणि किल्ली पोस्टकार्डाला चिकटवून टाकायची,” ती म्हणाली, आणि तेही बाद केलं. तिसरं तिला पटलं. इस्पितळाच्या संगणकवाल्यानं तीन रविवार खर्चून ते भाड्याच्या सर्व्हरवर बसवून दिलं. जाताना म्हणाला, “ताई, सॉफ्टवेअर नुसतं चांगलं असून भागत नाही. चालवणारा जागा पाहिजे. आणि एक ध्यानात ठेवा, एका पासवर्डावर दोन माणसं कधी बसवायची नाहीत. दुसरा आला की त्याचं खातं वेगळं. नाहीतर केलं कुणी ते कळायचं नाही.”

हे तिनं वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

मग तीन खोटे पत्ते काढून ती आपल्याच लिस्टवर चोर होऊन आली. न विचारता आत शिरता येतं का, दुसऱ्याच्या नावानं लिहिता येतं का, सभासदांची यादी दिसते का, एकेक करून बघितलं. जिथून शिरता आलं ते भोक बुजवलं. नव्या माणसानं आलेल्या पत्राला होकार द्यायचा, मग ही त्याला फोन करणार, मगच तो आत. उत्तर लिहिलं तर ते फक्त पत्र लिहिणाऱ्यालाच जाणार. सगळ्यांना धाडायचं असेल तर ते मुद्दाम निवडायला हवं. जुन्या पत्रांचा साठा, त्याला ती दप्तर म्हणे, तो मात्र मुळात सगळ्या जगाला उघडाच येत होता. तो तिनं सगळ्यात आधी बंद केला. सभासदाशिवाय कुणालाही दिसणार नाही असा.

शिवणकामाचं दुकान चालवणाऱ्या एका बाईला, शिवणवालीला, तिनंच लिस्टवर आणलं. रेकॉर्ड रूमच्या खिडकीशी ती मुलीचे जुने कागद मागायला आली होती. मुलगी बालवाडीत शिकवायची. औषधं चालू, तीन वर्षांत फक्त एकदा फिट आलेली, तीही घरी. दोन वर्षं कुलूपबाई लिस्टवर या म्हणून सांगत होती आणि शिवणवाली नुसती मान हलवत होती.

“माझ्या मुलीचं नाव तिथे कुणाला दिसेल का हो?”

“सभासदांशिवाय कुणाला नाही. मी आहे ना.”

हे शेवटचे तीन शब्द तिनं म्हटले नसते तर बरं झालं असतं. पण माणूस धीर देताना शब्द मोजत नाही. शिवणवालीनं पहिलंच पत्र लांबलचक लिहिलं. मुलीचं नाव, वय, शाळा, आणि त्या एका फिटची हकिगत. न्हाणीघरात पडली, आतून कडी होती, दार तोडावं लागलं. चाळीस आयांची उत्तरं आली. शिवणवाली फोनवर रडली आणि म्हणाली, “ताई, इतक्या वर्षांनी कुणाशी तरी बोलले.”

चार वर्षं लिस्ट सुरळीत चालली. दर शनिवारी ही सॉफ्टवेअरचे नवे बदल चढवी, मंजुरीसाठी अडकलेली पत्रं सोडवी, आगंतुकांना हाकली. कुणी शाबासकी दिली नाही. नीट चाललेल्या कामाची कोण दखल घेतो.

मग तिच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. दहा दिवस पडद्याकडे बघायचं नाही. आदल्या संध्याकाळी भाऊजी आले.

“धाकटे, तुझा तो पासवर्ड लिहून दे. मागे कुणीतरी बघायला नको का?”

मागणं रास्त होतं. तिच्यावाचून अडतंय, हे तिलाही दिसत होतं. पाच मिनिटांत वेगळं खातं काढून देता आलं असतं. पत्रं सोडवायचा अधिकार त्यात, दप्तर उघडायची-बंद करायची कळ फिरवायचा नाही. ती म्हणालीसुद्धा, “भाऊजी, तुमचं वेगळंच काढून देते.”

“वेगळं म्हणजे?”

“म्हणजे... पत्रं मंजूर करण्यापुरतं.”

भाऊजींनी चष्मा काढला. नवरा मध्ये पडला. “अगं, ते अध्यक्ष आहेत. त्यांना अर्धी किल्ली देतेस? घरातल्या घरात कसला आलाय अविश्वास.”

नवरा अपघातानं सहा महिने अंथरुणाला खिळला होता, तेव्हा याच भाऊजींनी त्याला उचलून बसवलं होतं. त्या माणसाला ‘तुमच्या हातून काही बिघडू नये म्हणून’ असं कसं सांगायचं? जिनं मोठ्या डॉक्टरांपुढे कागद सरकवला, तिची जीभ घरात रेटेना. तिनं औषधाच्या चिठ्ठीमागे पासवर्ड लिहिला आणि दिला.

पट्टी सुटून आठवडा झाला नव्हता तोच शिवणवाली दारात उभी. हातात छापलेला कागद. बसा म्हटलं तरी बसली नाही.

“वाचा.”

कागद डोळ्यांजवळ नेऊन तिनं वाचला. न्हाणीघर, कडी, मुलीचं नाव.

“हे कुठून...”

“शाळेच्या बाईंनी दिलं. कुणा पालकानं मुलीचं नाव इंटरनेटवर शोधलं, तर हे पहिलंच आलं. तिला घरी बसवलंय. लहान मुलांची जबाबदारी आहे म्हणे. खाली नाव तुमचं आहे, ताई. लिस्ट चालवणार, तुम्ही.”

हिनं तिथल्या तिथे संगणक उघडला. दप्तर सताड उघडं. आधी ते बंद केलं, मग सॉफ्टवेअरची नोंदवही बघितली. अकरा दिवसांपूर्वी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, दप्तर सर्वांसाठी खुलं. करणाऱ्याच्या जागी हिचं नाव. त्या घटकेला ही डोळ्यावर पट्टी बांधून उताणी पडलेली होती.

ती तशीच भाऊजींकडे गेली. ते कागद चाळत बसले होते.

“अगं, संस्थेचं नाव पुरस्काराला धाडलंय ना, त्याचे परीक्षक यायचे होते. त्यांना आपलं काम वाचायला द्यायचं, तर एकेकाला सभासद करत बसू? दोन दिवसांपुरतं उघडलं. बंद करायचं राहून गेलं.”

“एका मुलीची नोकरी गेली, भाऊजी.”

“वाईट झालं.” खरंच त्यांचा चेहरा पडला.

“सभेत सांगाल ना?”

“सांगतो की. वेळ बघून सांगतो.”

ती त्या शब्दावर विसंबून राहिली. दरम्यान शोधणाऱ्या कंपन्यांना अर्ज पाठवले, ही पानं काढा म्हणून. काहींनी काढली. पण कुणी कुठे उतरवून ठेवली असतील ती कोण काढणार? सांडलेलं दूध पुसता येतं, ते कुणाच्या पावलाला लागून कुठवर गेलं हे कळत नाही.

सभेला त्या दिवशी नव्वद माणसं. शिवणवाली मागच्या रांगेत. सेक्रेटरीनं विचारलं, “उघडलं कुणी?” हिनं नोंदवहीचा उतारा पुढे केला. खरं तेच दाखवायची सवय. सेक्रेटरीनं मोठ्यानं वाचलं आणि शेवटी हिचं नाव आल्यावर थांबला. सगळ्या माना वळल्या. तिनं भाऊजींकडे बघितलं.

भाऊजी उठले. “हे बघा, तिनं मुद्दाम केलेलं नाही. चार वर्षं ती राबली आहे. नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, बोट चुकलं असेल. माणूस आहे. तिला कुणी बोल लावू नये, अशी माझी विनंती आहे.”

इतक्या प्रेमानं कुणी कुणाला फासावर दिलं नसेल. दोघातिघांनी सहानुभूतीनं मान हलवली.

“त्या दिवशी माझ्या डोळ्यावर पट्टी होती,” ती म्हणाली.

“तेच म्हणतोय मी. पट्टी असताना हात लावायला नको होता.”

“हात मी लावला नाही. पासवर्ड मी भाऊजींना दिला होता.”

नवरा खाली बघत राहिला. मग पुढच्या रांगेतला एक बाप शांतपणे म्हणाला, “पासवर्ड कुणाला देऊ नका, हे आम्हाला तुम्हीच सांगायचात ना? मग दिलात कसा? आणि आता वडीलधाऱ्या माणसावर ढकलता?”

यातला पहिला अर्धा भाग खरा होता. भाऊजी बसले. त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही. देवाला सगळं दिसतं, यावर तिची श्रद्धा होती आणि पुढेही राहिली. पण सभेला फक्त नोंदवही दिसते, आणि नोंदवहीत नाव तिचं होतं. किल्ली दिली तेव्हाच आपल्या बोटांचा ठसाही तिनं देऊन टाकला होता.

सभेनं ठराव केला. लिस्ट बंद, कारण ती असुरक्षित. त्याऐवजी फोनवर ग्रुप काढावा. सोपा पडतो, आणि पासवर्डाची भानगड नाही.

“साडेतीनशे नंबर साडेतीनशे जणांना दिसतील,” ती म्हणाली.

“कुलूपबाई, आता पुरे,” सेक्रेटरी म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही.

सभासदांचे पत्ते तिनं ग्रुपसाठी दिले नाहीत. प्रत्येकाला वेगळं पत्र लिहिलं, कसं झालं ते, स्वतःच्या चुकीसकट. आपली पत्रं हवी असतील तर महिन्याच्या आत मागा, मग दप्तर कायमचं पुसणार. एकोणीस जणांनी मागितली. शिवणवालीचं काहीच आलं नाही. भाऊजींच्या घरी जाणं-येणं चालूच राहिलं. ते येत, चहा घेत, हवापाण्याचं बोलत. पुरस्कार मिळाला नाही, एवढं एकदा म्हणाले.

महिना भरला तेव्हा तिनं सगळं पुसलं, आधी शिवणवालीची पत्रं. राखीव प्रतही पुसली. मग पुसल्याचा कागद छापून घेऊन दुकानात गेली. मशीन चालूच होतं. कोपऱ्यात मुलगी सदऱ्याला बटणं लावत बसली होती. तिनं वर बघितलं नाही.

“बाई, सगळं पुसलंय. एक ओळ उरली नाही. बघा.”

शिवणवालीनं कागद घेतला नाही. कापड सुईखाली सरकवत राहिली. शिवण संपल्यावर दातानं दोरा तोडला.

“तुमच्याकडचं पुसलंत,” ती म्हणाली. “आता तिच्या शाळेतल्यांच्या डोक्यातलं पुसून या.”

तिनं कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली, आणि मागच्या गिऱ्हाइकाला वाट करून दिली.