दुभाष्याची शपथ

माझ्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, बोलण्याच्या बाबतीत अगदी चिक्कू. त्याला कारणही तसंच होतं. दिवसाचे नऊ तास त्यांच्या ओठांत टाचण्या असायच्या. एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानाखाली तळघर होतं, तिथे ते कपड्यांची दुरुस्ती करायचे. पँट आखूड करा, कंबर सैल करा, कोटाचं फाटलेलं अस्तर बदला. दुकानातले लोक त्यांना ‘टाचणी’ म्हणूनच हाक मारत. बावीस वर्षं त्या तळघरात गेली आणि इथली भाषा त्यांना आली ती कंबर, बाही आणि लांबीपुरती. त्या भाषेत वाचता यायचे ते फक्त आकडे. “गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की त्याला काय हवंय ते मला दिसतं. मग बोलायचं कशाला?” असं म्हणून ते मोकळे व्हायचे.

मात्र हात असा, की दुरुस्त केलेली जागा मालकालाही सापडू नये. जादा झालेलं कापड ते कधी कापून फेकत नसत. आत दुमडून माया ठेवत. “आज बारीक झालेला माणूस उद्या सुटतो. तेव्हा कापड कुठून आणणार?” कापून टाकणाऱ्या शिंप्याला ते शिंपी म्हणत नसत, खाटीक म्हणत.

आता माझं सांगतो. मी परवानाधारक दुभाष्या आहे. कोर्टात, दवाखान्यात, सरकारी कचेऱ्यांत आपल्या माणसांचं बोलणं साहेबांना आणि साहेबांचं बोलणं आपल्या माणसांना सांगायचं, हा माझा धंदा. दर वेळी काम सुरू होण्याआधी हात वर करून शपथ घ्यायची: जे बोललं जाईल ते सगळं जसंच्या तसं सांगेन, काही गाळणार नाही, काही पदरचं घालणार नाही. ही शपथ मी हजारदा तरी घेतली असेल. हजारदा घेतलेल्या शपथेचं काय होतं, ते दारावरच्या पायपुसण्याला विचारावं.

भाऊजींना नागरिकत्वाची हौस कधीच नव्हती. “आहे ते बरं आहे” हे त्यांचं ब्रीदवाक्य. पण त्यांची आई तिकडे धाकट्या भावाकडे होती. दर रविवारी फोनवर तिचा चेहरा दिसायचा. आधी तिच्या डोक्यामागे खिडकी असायची, मग कपाट आलं, आणि एका रविवारी विजेचा मीटर दिसला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत भाऊजी माझ्याकडे आले आणि म्हणाले, “आईचं अंथरूण पॅसेजमध्ये गेलंय. तिला इकडे आणायला काय करावं लागतं?”

करावं लागायचं ते असं, की आधी आपण नागरिक व्हायचं. नागरिकालाच आईबापांना कायमचं बोलावता येतं. त्यासाठी कायम रहिवासाच्या परवान्यावर सलग पाच वर्षं इथे राहिल्याचं दाखवावं लागतं, आणि तो परवाना भाऊजींनी नुकताच काढला होता; मध्ये फार दिवस बाहेर राहिलात तर मोजणी पहिल्यापासून. चार वर्षं झाली आणि गावचं घर न सोडणारे त्यांचे वडील गेले. भाऊजी गेले, त्यात आईचं खुब्याचं हाड मोडलं, तिचं करत सात महिने तिथेच राहिले. परत आले तेव्हा सापशिडीतल्या अठ्ठ्याण्णवावरून थेट तळाला. पुन्हा पाच वर्षं. या पाच वर्षांत ते एकदाही आईला भेटायला गेले नाहीत, तिला आणता यावं म्हणून. तोवर इकडे त्यांच्या हॉलच्या कोपऱ्यात तिचा पलंग आला, आणि तळघरातल्या उरलेल्या कापडातून त्यांनी तिच्यासाठी थंडीचे चार गाऊन शिवले, आत भरपूर माया ठेवून. म्हातारी इथे येऊन अंग धरेल, अशी त्यांची खात्री होती.

मुलाखतीचं पत्र आलं, गुरुवारचं. पन्नाशी उलटलेल्याला आणि वीस वर्षं राहिलेल्याला दुभाष्या नेता येतो, नातेवाईक असला तरी चालतो, फक्त परवाना हवा. म्हणजे मीच. राज्यघटना, कायदेमंडळ, न्यायालयं असे शंभर प्रश्न पाठ करायचे होते. भाऊजींनी ते माझ्या मराठी भाषांतरासकट मशीनसमोरच्या भिंतीवर टाचण्यांनी लावले. दुकानाच्या मालकाला दहाही आले नाहीत, आणि तो इथेच जन्मलेला.

त्याच्या आधीच्या रविवारी सकाळी भाऊजी मुलाखतीसाठी केस कापायला गेले होते. तेवढ्यात तिकडून धाकट्या भावाचा फोन आला. आई पहाटे झोपेतच गेली होती. ताईने रडत रडत मला फोन केला. “काय करू रे? आत्ता येतील ते.”

मी म्हणालो, “सांगू नकोस.”

उंटावरच्या शहाण्यासारखा मी तिला हिशेब समजावला. कळलं की ते आज रात्रीच निघणार. पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असणार. इकडे मुलाखत बुडणार, नवी तारीख मिळायला दोन वर्षं. चार दिवसांचा तर प्रश्न आहे. आमच्या घरची रीतच आहे ही. माझ्या दहावीच्या परीक्षेत आजोबा गेले, तर शेवटचा पेपर देऊन घरी आलो तेव्हा दारातला चपलांचा ढीग पाहून मला कळलं. परीक्षेच्या आधी सांगायचं नसतं. मार्क चांगले पडले, म्हणून आमच्याकडे तो अजून शहाणपणाचा दाखला समजला जातो. आई इथे यावी म्हणून ही परीक्षा होती आणि आईच गेली होती, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नाही. ताईच्याही नाही. धाकटा भाऊ तर लगेच म्हणाला, “बरोबर आहे, दादाला उगाच त्रास कशाला?” त्या रविवारी भाऊजींनी तीनदा फोन लावला. आम्ही सांगितलं, तिकडचं नेटवर्क गेलंय.

गुरुवारी कचेरीच्या दारातल्या रखवालदाराने त्यांच्या कोटाच्या आतून सहा टाचण्या काढल्या, एकेक करून, आणि एका ट्रेमध्ये ठेवल्या. भाऊजींनी त्या मोजून दिल्या, परत मोजून घेईन म्हणाले. आत गेलो. अधिकारी बाई मध्यमवयीन होत्या, सर्दीने बेजार, टेबलावर कागदी रुमालांचा डबा. आधी भाऊजींनी खरं बोलण्याची शपथ घेतली, मग मी माझी घेतली.

प्रश्न विचारले दहा, भाऊजींची उत्तरं नऊ बरोबर. मग बाईंनी अर्ज उघडला.

“सरकार उलथवून टाकायचा कधी प्रयत्न केलाय?”

भाऊजी मला म्हणाले, “बाईंना सांग, बावीस वर्षांत मालकाकडून तळघरातला एक दिवा बदलून घेता आला नाही मला.”

मी बाईंना सांगितलं, “नाही.” माझी ही सवय जुनी. लांबलेलं बोलणं मी कडेने कापतो, साहेब लोकांचा वेळ वाचतो.

“देशाबाहेर जवळचं कोण?”

“आई,” भाऊजी म्हणाले. “एक्याऐंशीची आहे. तिच्यासाठीच हे सगळं चाललंय.”

मी ते सांगितलं. या वेळी सगळं, जसंच्या तसं. बाईंनी नाक पुसलं आणि विचारलं, “म्हणजे आई हयात आहेत?”

चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, हिला कळलं. मी तो प्रश्न भाऊजींना मराठीत विचारला. त्यांच्या डोळ्यांकडे बघून विचारला. असा प्रश्न कुणाला विचारायची वेळ वैऱ्यावर येऊ नये.

“आहे की!” ते हसून म्हणाले. “फोन बंद आहे चार दिवस, एवढंच.”

“हो, हयात आहेत,” मी सांगितलं. फोनचं गाळलं.

बाई हसल्या, शिक्का मारला आणि म्हणाल्या, शपथविधी आजच दुपारी आहे, थांबा.

दुपारी एका हॉलमध्ये चाळीस माणसं उभी राहिली. भाऊजींनी हात वर केला आणि न कळणाऱ्या भाषेतले शब्द एकामागून एक म्हटले. मी शेजारी उभा राहून कुजबुजत अर्थ सांगत होतो. प्रत्येकाच्या हातात छोटा कापडी झेंडा होता. तो उलटसुलट करून भाऊजी म्हणाले, “काठ उघडाच सोडलाय. दोन धुण्यांत दोरे निघतील. घरी गेल्यावर दुमडून देतो.” त्यांचा चेहरा असा होता, की मी दुसरीकडे बघत राहिलो.

मग कारकुनाने जुना पासपोर्ट मागितला. कात्रीने त्याचा कोपरा कापला आणि परत दिला. म्हणाला, “हा आता चालणार नाही. नवा यायला सात-आठ आठवडे लागतील. तोवर देशाबाहेर जाता येणार नाही.”

ते वाक्य मला भाऊजींना सांगावं लागलं. रविवारी सांगितलं असतं तर हा माणूस निदान निघू तरी शकला असता. आता आईही गेली आणि वाटही गेली. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि ते धुपाटणं भाऊजींच्या हातात मी दिलं होतं.

“आठ आठवडे काय, मला कुठे जायचंय?” भाऊजी म्हणाले. “आता तीच येणार.” आणि त्यांनी पिशवीतून दुसरा अर्ज काढला. आईचा. महिन्याभरापूर्वी मीच भरून दिलेला, वर तिचा फोटो चिकटवलेला.

“उद्या देऊ, भाऊजी. दमलोय.”

“उद्या कशाला? खिडकी समोरच तर आहे.”

त्यांनी नंबराचं तिकीट घेतलं. आम्ही चाळीस मिनिटं बाकावर बसलो. चाळीस मिनिटं! कुठल्याही मिनिटाला मला तोंड उघडता आलं असतं. मी पाणी पिऊन आलो, दोनदा. नंबर आला, खिडकीतल्या मुलीने अर्ज घेतला, तारखेचा शिक्का मारून पोच दिली. बाहेर पडताना भाऊजींनी सहा टाचण्या मोजून घेतल्या.

घरी ताईने सांगितलं. त्यांना दारातून आत येऊन खुर्चीत बसूही दिलं नाही, तिला धीरच उरला नव्हता.

भाऊजींनी कोट काढून हँगरला लावला. खांदे नीट केले. मग विचारलं, “कधी?”

“रविवारी.”

“मी कुठे होतो?”

“केस कापायला गेला होतात.”

त्यांनी मानेवरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळले. “बाईंनी आईचं विचारलं तेव्हा तुला माहीत होतं?”

“हो.”

“आणि तू मला विचारलंस.”

त्यांनी आवाज चढवला असता, दोन मुस्कटात दिल्या असत्या, तर मी आयुष्यभर त्यांचे उपकार मानले असते. ते कोपऱ्यात गेले आणि पलंगावर बसले, आईच्या. ताई सांगते, आठवडाभर ते तिथेच झोपले. नव्या पासपोर्टची वाट बघितली नाही. पासपोर्ट आला तेव्हा न उघडता पाकिटासकट कपाटात टाकला. चारही गाऊन उसवून त्यांनी त्यांच्या पिशव्या शिवल्या आणि दुकानात देऊन टाकल्या.

त्यानंतर वर्षभर ते माझ्या घराची पायरी चढले नाहीत. भांडण नाही, तंटा नाही. सरकारी पत्रं आली की कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून वाचून घ्यायचे. तो आपल्याकडचा नाही, खाणाखुणांनी समजावतो. मला हे ताईकडून कळायचं आणि आत कुठेतरी टोचायचं. आईचा तो अर्ज मागे घ्यायला हवा, हे माझ्या लक्षात होतं. पण मागे घ्यायचा तर मृत्यूची तारीख लिहावी लागते. ती तारीख अर्जाच्या आधीची, आणि मुलाखतीच्याही. चौकशी झाली तर पहिला प्रश्न दुभाष्याला. परवाना गेला तर मी काय, खडी फोडणार? म्हणून मी तो अर्ज झोपू दिला.

तो काही झोपला नाही. गेल्या महिन्यात एका दुपारी बेल वाजली. दारात भाऊजी, हातात लांब पाकीट.

“औषधवाल्याला हे समजावता येईना,” ते म्हणाले. “वाच. सगळं वाच. काही गाळू नकोस.”

मी वाचलं. अर्जदाराच्या आईला या देशात कायम राहण्याची परवानगी देण्यात येत आहे. सहा महिन्यांच्या आत त्यांनी यावं. आपल्या कुटुंबाचं मनःपूर्वक स्वागत. खाली सही, त्याखाली कचेरीचा फोन नंबर. तोही वाचला.

“पुन्हा वाच.”

पुन्हा वाचलं. भाऊजी जमिनीकडे बघत ऐकत होते. मग म्हणाले, “आता उत्तर लिही. आई वारली म्हणून लिही. तारीख घाल.”

मी लिहिलं. तारीख त्यांनी बोट ठेवून तपासली.

“पुढे लिही. अर्ज दिला तेव्हा हे माहीत होतं.”

“तुम्हाला कुठे माहीत होतं, भाऊजी?”

“मग ज्याला माहीत होतं त्याचं नाव लिही. मी हात वर करून खोटं बोललो, ते कागदावर माझ्या नावाने राहायला नको. बाकी मला काही नको तुझ्याकडून.”

पेन माझ्या हातात होतं. भिंतीवर माझा परवाना, काचेच्या चौकटीत. मी लिहिलं: ‘दूरध्वनी बंद असल्याने कुटुंबाला ही बातमी उशिरा मिळाली. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’

“लिहिलंस?”

“लिहिलं.”

“वाचून दाखव.”

मी वाचून दाखवलं. त्या ओळीवर बोट ठेवून, तिथे नसलेलं माझं नाव वाचलं, हुद्दा वाचला, मला सगळं माहीत होतं असंही वाचलं. आवाज जराही कापला नाही. धंदाच आहे माझा.

भाऊजींनी खाली सही केली. कागदाची घडी घालून पाकिटात ठेवली. मग वर्षात पहिल्यांदा माझ्या पाठीवर हात ठेवला आणि खुर्ची ओढून बसले.

“चहा टाक रे,” म्हणाले.