टोपीला अडलेलं लाकूड

टोपी पडते म्हणून मी शेडच्या भिंतीतलं तिरपं लाकूड काढायला लावलं. इतकं खुळं कारण फौजेत दुसऱ्या कुणी दिलं असेल, असं वाटत नाही.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं. शहापूरबाहेर छावणी होती. मी बायकांच्या तुकडीत, टेलिफोनवर. लान्स कॉर्पोरल, म्हणजे बाहीवर एकच फीत. मुरबाडची पोर, पण चालायची जनरलसारखी.

आमचं एक्सचेंज कौलारू शेडमध्ये होतं. ती शेड इंजिनिअर तुकडीच्या नाईक गोविंदानं उभी केली होती. तो डोळखांबकडचा. माझ्या खुर्चीमागे दोन खांबांमध्ये, खालच्या कोपऱ्यातून वरच्या कोपऱ्यात एक लाकूड ठोकलेलं होतं. उठले की टोपी त्याला लागायची.

“ते काढ,” मी म्हणाले.

“नाय बाय. शेड त्याच्यावर हाय.”

“आमच्या घरात एक तिरपं लाकूड नाय. आजोबांपासून घर नुसत्या मेढींवर, लाकडी खांबांवर, उभं हाय.”

“तुमच्या मेढी जमिनीत पुरलेल्या. ह्ये खांब वाळवीपायी नुसते दगडावर ठेवलेत. वजन पेलतील. वारा आडवा आला का कलंडतील.”

“लेक्चर नको, नाईक.”

तो कामावर गेल्यावर मी मजुरांकडून लाकूड काढवलं. शेड पडली नाही. संध्याकाळी त्याला मुद्दाम टोपी नीट करून दाखवली.

“सकाळी परत ठोकतो,” एवढंच तो म्हणाला.

सकाळी वारा त्याच्या आधी आला. कौलं वाजली. मग आत आम्हा पाच जणींना दार उघडेना. चौकटच तिरकी झाली होती.

“एक्सचेंज, लाइन द्या,” कानात आवाज.

“स्टँड बाय.”

गोविंदानं लाथेनं दार फोडलं. तेच लाकूड त्याच्या हातात. ते कलत्या खांबाला टेकवून त्यानं खाली खांदा लावला.

“एकेक! ढकलू नका. बाय, तुमी शेवटी.”

चौघी बाहेर पडल्या. पाचवी मी. मग शेड आडवी झाली. तो आत होता.

चौकशीत मी खरं सांगितलं. फीत गेली. त्याचं सामान घरी पोचवायचं काम मी मागून घेतलं.

त्याची आई एकटीच होती. झोपडीची मधली मेढ बुडाशी कुजली होती आणि ती शेजारी नव्या मेढीसाठी खड्डा खणत होती. मी सगळं सांगितलं, टोपीसकट. तिनं पहार खाली ठेवली नाही. खड्डा पुरा झाल्यावर म्हणाली,

“रजेवर येऊन तोच बदलनार व्हता ही मेढ. आता तू धर गो. सरळ धर.”