मिस्टर टॉर्बेनचा बोया

डिसेंबरचा पहिला आठवडा आला की मिस्टर टॉर्बेन आमच्या दुकानात येत. कॅरिबियन समुद्रातल्या कारियाकू बेटावर, टिरल बेच्या किनाऱ्यावर बोटींच्या सामानाचं हे एकच दुकान. पुढे माझे काका कथबर्ट दोर, साखळ्या आणि रंग विकतात, मागच्या शेडमध्ये मी इंजिनं दुरुस्त करते. मिस्टर टॉर्बेनना दरवर्षी तेच सामान लागे: पाच मीटर साखळी आणि तीन जोडकड्या. पण तेवढं घ्यायला त्यांना पाऊण तास लागायचा. साखळीचा एकेक दुवा ते उजेडात धरत, जोडकड्यांच्या खिट्ट्या फिरवून बघत.

"कथबर्ट, हे लोखंड आहे की बिस्कीट?"

"चहात बुडवून बघा, मिस्टर टॉर्बेन."

हे दरवर्षी व्हायचं. मग ते पहिल्यांदा बाजूला ठेवलेलीच साखळी उचलून न्यायचे.

ही खरेदी त्यांच्या बोयासाठी असे. किनाऱ्यापासून शंभर मीटरवर, पाच मीटर खोल पाण्यात, त्यांनी काँक्रीटचा दोन टनांचा ठोकळा टाकलेला आहे. ठोकळ्याला जोडकडीने साखळी लावलेली आणि साखळीच्या वरच्या टोकाला पाण्यावर तरंगणारा पांढरा बोया. बोट त्याला बांधली की नांगर टाकावा लागत नाही. अडचण एवढीच की दिसतो तो फक्त बोया, आणि झिजतं ते तळाचं लोखंड. खारं पाणी ते खातं, वाळू घासते. म्हणून दर डिसेंबरला, नाताळचे वारे सुरू होण्याआधी, मिस्टर टॉर्बेन श्वास रोखून खाली जात आणि खालचा तुकडा बदलत.

डेन्मार्कमधल्या एका छोट्या बंदरात त्यांनी तीस वर्षं हेच काम केलं होतं. बंदरातल्या प्रत्येक बोयाखाली जायचं, लोखंड मोजायचं, पास किंवा नापास करायचं. नोकरी संपल्यावर ते आणि त्यांची बायको लिसबेत, जिला इथे सगळे मिस लिसबेत म्हणतात, 'टेर्न' नावाच्या शिडाच्या बोटीतून कारियाकूला आले, आणि बोट दुरुस्त होईपर्यंत राहू म्हणता म्हणता टेकडीवर घर बांधून राहिले. आमच्या बेटावर अठरा वर्षं राहिलं तरी माणूस 'तो डेन' म्हणूनच ओळखला जातो. पण बोटीला बोट घासली आणि भांडण झालं की दोन्ही बाजू साक्षीला त्यांनाच बोलावतात. नऊ वर्षांपूर्वी गुडघ्यांमुळे त्यांनी 'टेर्न' विकली. बोया ठेवला. त्यावर निळ्या अक्षरात बोटीचं नाव होतं, तेही ठेवलं, आणि दरवर्षी ते नव्याने रंगवत राहिले.

त्यांचा एकच नियम होता आणि तो ते सकाळी साडेसातला बोटींच्या रेडिओवर अख्ख्या खाडीला ऐकवत. परक्याच्या बोयाला बोट बांधण्याआधी खाली जाऊन पाहा. मालक काय म्हणतो ते ऐकू नका, तो दारू पाजत असेल तर दोनदा जा. एखादी नवीन बोट आली आणि न बघता कुठल्याही बोयाला बांधली, की व्हरांड्यात दुर्बीण घेऊन बसलेले मिस्टर टॉर्बेन त्या माणसाला दिवसभर 'पर्यटक' म्हणत.

ग्रेनाडाच्या राजधानीतून, सेंट जॉर्जेसहून, इंजिनांचा कोर्स पुरा करून मी परत आले, तेव्हा त्यांनी मला लोखंडाची जाडी मोजायचं स्वतःचं जुनं व्हर्नियर दिलं आणि तेव्हापासून ते मला इंजिनियर म्हणतात. अर्धं थट्टेने.

मग एका डिसेंबरला ते आले नाहीत. मला वाटलं, साखळी ग्रेनाडाहून मागवली असेल. बोया मात्र रंगवलेला दिसला. पुढच्या डिसेंबरलाही ते आले नाहीत आणि बोया पुन्हा रंगवलेला. त्या वेळी बाजारात मिस लिसबेतने मला सांगितलं, की त्यांच्या कानाचा पडदा फाटला आहे, डॉक्टरांनी डोकं पाण्याखाली घालायला बंदी केली आहे, आणि हे कुणाला सांगितलेलं त्यांना आवडत नाही. पाण्यात उतरून साखळी बदलून देणारे आमच्याकडे दहा जण आहेत. तळाचे मोठे शंख काढणारा कुठलाही कोळी दुपारच्या जेवणावर ते काम करून गेला असता. पण त्याला बोलवायचं तर आपल्याला जमत नाही हे आधी म्हणावं लागलं असतं.

तसा तो प्रश्न कुणाच्या वाट्याला येतही नव्हता. बोयाला कुणी बोटच बांधत नव्हतं. खाडीतल्या लोकांना तो मिस्टर टॉर्बेनचा म्हणून माहीत होता आणि ते कुणाला बांधू देत नसत. तो एकाच बोटीसाठी राखून ठेवलेला होता, आणि ती बोट त्या जानेवारीत आली.

ईव्हर हा त्यांच्या बंदरातला मुलगा. बाराव्या वर्षी मिस्टर टॉर्बेननी त्याला बोयाखाली जायला शिकवलं होतं. आता तो बेचाळिसाचा होता आणि बायको मारेन आणि तेरा वर्षांची मुलगी सिग्ने यांना घेऊन, घर भाड्याने देऊन, दोन वर्षांसाठी समुद्रावर निघाला होता. अटलांटिक ओलांडायला त्यांना बावीस दिवस लागले. ते पोचायच्या आदल्या आठवड्यात मिस्टर टॉर्बेननी बोया तिसऱ्यांदा रंगवला.

सोमवारी सकाळी त्यांनी रेडिओवरून मला बोलावलं. ईव्हरच्या छोट्या होडीचं इंजिन वाटेत बंद पडलं होतं. मी माझ्या होडीतून गेले तेव्हा मिस्टर टॉर्बेन त्यांच्या होडीत बोयापाशी उभे होते, हातात दोर, पांढरा सदरा घातलेला. निळी बोट शिडं उतरवून हळूहळू जवळ आली. पुढच्या टोकावर ईव्हर उभा होता. त्याच्या कपाळावर पोहण्याचा चष्मा चढवलेला होता आणि पायात पोहण्याचे पंख होते. उडी मारायच्या तयारीतच होता तो.

मिस्टर टॉर्बेननी दोर वर धरला. ईव्हरने दोराकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. मग कपाळावरचा चष्मा काढून बाजूला ठेवला, पंख काढले, दोर घेतला आणि बांधला. मारेन मागून काहीतरी बोलली; त्याने मान हलवली.

मिस्टर टॉर्बेन हसत होते. त्यांचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं, एखादं इंजिन किल्ली काढल्यावरही फिरत राहतं तसं.

इंजिन दुरुस्तीला दोन दिवस गेले. कार्ब्युरेटरमध्ये मीठ होतं. त्या दोन दिवसांत काय घडलं ते मला मिस लिसबेतकडून कळलं. खूप जेवणं झाली. ऑइलडाउनचं, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेल्या ब्रेडफ्रूटचं, भलं मोठं पातेलं चढलं, आणि सिग्नेने ब्रेडफ्रूट बटाटा समजून तीनदा घेतलं. मिस लिसबेतने जाहीर केलं की बावीस दिवस डुलणाऱ्या फळीवर झोपलेल्या माणसांनी आता आठवडाभर तिच्या घरी पलंगावर झोपायचं. मिस्टर टॉर्बेन दर तासाला उठून दुर्बिणीतून बोटीकडे बघत होते. मंगळवारच्या रेडिओवर हवामान आलं: गुरुवारपासून वारा वाढणार, चार दिवस टिकणार.

मी शेडमध्ये बसून हिशेब केला. सोळा मिलिमीटरची खिट्टी, या पाण्यात दोन वर्षं, वाळूचा तळ. पंधरा टनांची बोट. आमची खाडी पश्चिमेला उघडी आहे आणि वारा पूर्वेचा असतो. सुटलेली बोट किनाऱ्याला लागत नाही, सरळ समुद्रात जाते. माणसं पलंगावर झोपलेली असताना.

बुधवारी सकाळी इंजिन पोचवायच्या निमित्ताने मी टेकडीवर गेले. मारेन आणि सिग्ने मिस लिसबेतबरोबर हिल्सबरोच्या बाजारात गेल्या होत्या, ईव्हर अंघोळ करत होता. मिस्टर टॉर्बेन व्हरांड्यात एकटेच होते.

मी म्हणाले, "मिस्टर टॉर्बेन, दोन डिसेंबर झाले."

त्यांनी दुर्बीण खाली केली नाही. "मोजतेस?"

"साखळीचं रीळ मोजावंच लागतं. तुमचे दहा मीटर त्यावर अजून आहेत."

त्यांनी दुर्बीण पुन्हा बोटीवर नेली. मग म्हणाले, "त्याने चष्मा काढला. पाहिलंस?"

"पाहिलं."

"मी शिकवलेला पोरगा. काय म्हणावं याला?"

"पर्यटक," मी म्हणाले.

ते माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता हे मला टेकडीवरून खाली पाठवणार. त्यांनी इंजिन कुठे ठेवायचं ते दाखवलं आणि जेवायला थांब म्हणाले. हुकूम दिल्यासारखं.

जेवायला तळलेला मासा आणि भात होता. सगळे बसल्यावर मिस्टर टॉर्बेननी काटा खाली ठेवला.

"ईव्हर, तू खाली गेला नाहीस."

ईव्हर आधी समजला नाही, मग समजला. "तुझा बोया आहे," तो म्हणाला.

"त्याने काय होतं?"

"तू दोर हातात घेऊन उभा होतास, टॉर्बेन. सदरा घालून. तुझ्यासमोर पाण्यात उडी मारायची? म्हणजे तुझ्या तोंडावर सांगायचं की माझा विश्वास नाही."

"मी हेच बाराव्या वर्षी शिकवलं तुला. विश्वास ठेवू नकोस."

"तू सोडून, असं वाटलं मला."

"मला सोडून असं मी कधी म्हणालो?"

सिग्ने माशातले काटे काढत होती.

"दोन वर्षं मी खाली गेलेलो नाही," मिस्टर टॉर्बेन म्हणाले. "कान गेला. रंग तेवढा लावतो. रंगाला श्वास रोखावा लागत नाही."

मिस लिसबेतने त्यांच्या ताटात दुसरा मासा वाढला. "बोललास एकदाचा," ती म्हणाली. "पहिला गार झाला तुझा."

मारेन तोवर उठलीच होती. सोमवारी तिने मागून काय म्हटलं होतं, ते मग कळलं: तू नाही जात तर मी जाते.

सगळे खाली गेलो. ईव्हरने बोट बोयावरून सोडवली, शंभर मीटर पलीकडे नेली आणि स्वतःचा नांगर टाकला. मग आम्ही दोन होड्यांतून बोयापाशी आलो. मारेन पक्कड घेऊन खाली गेली, वर आली, पुन्हा गेली. तिसऱ्यांदा वर आली तेव्हा तिच्या मुठीत ठोकळ्यावरची जोडकडी होती. खिट्टी फिरवावी लागली नाही, ती म्हणाली. पकडीने दाबल्यावर तुटली.

मिस्टर टॉर्बेननी माझ्याकडे हात पुढे केला. "व्हर्नियर."

ते माझ्या खिशात होतं. त्यांनी स्वतः मोजलं, गंज खरवडून पुन्हा मोजलं. "पाच," ते म्हणाले. "सोळाची होती." मग, बंदरात तीस वर्षं म्हटलं असेल त्याच आवाजात, "नापास."

ईव्हर काहीतरी म्हणू लागला, की लक्षात आलं ना वेळेवर. त्यांनी त्याला थांबवलं. वेळेवर नाही, सोमवारीच लक्षात यायला हवं होतं, ते म्हणाले, आणि होडी फिरवायला सांगितली.

गुरुवारी वारा आला. चार दिवस टेकडीवरची केळी आडवी होत होती. खाडीतल्या एका बोटीचं शीड फाटलं, आणखी काही झालं नाही. ईव्हर बोटीवरच झोपत होता, मारेन आणि सिग्ने पलंगावर. मिस्टर टॉर्बेन दुर्बिणीपाशी होते, पण आता तासातासाने उठत नव्हते. जोडकडी व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवलेली होती, आल्यागेल्याला दिसेल अशी.

मंगळवारी ते दुकानात आले. पाच मीटर साखळी, तीन जोडकड्या.

"कथबर्ट, हे लोखंड आहे की बिस्कीट?"

काकांना दोन वर्षांनी उत्तर आठवेना. मग आठवलं.

त्याच दिवशी दुपारी ईव्हर आणि मारेनने साखळी बसवली. मिस्टर टॉर्बेन होडीत पोटावर झोपून, तळाला काच बसवलेली कोळ्यांची बादली पाण्यात दाबून, वरून बघत होते. खिट्टी सुटू नये म्हणून तिच्या भोकातून तार ओवून पिळायची असते. ती पिळली गेली तेव्हा त्यांनी होडीवर मूठ आपटून दोघांना वर बोलावलं आणि उलट्या बाजूने पिळलीत म्हणून सांगितलं. पुन्हा खाली पाठवलं. तिसऱ्यांदाही पाठवलं. ईव्हर एक डॅनिश शब्द बोलला, तो मला कळला नाही. मिस्टर टॉर्बेनचा दुसरा कान चांगला होता. त्यांना कळला आणि ते खूष दिसले.

मग ईव्हर नांगर उचलून निळी बोट घेऊन आला. मिस्टर टॉर्बेन बोयापाशी उभे, हातात दोर. पांढरा सदरा नव्हता या वेळी. बनियन होतं आणि ते भिजलेलं होतं. ईव्हर पुढच्या टोकावर आला. सुकाणू मारेनकडे होतं, ती बोट जागच्या जागी धरून होती. त्याने दोराकडे पाहिलं नाही. चष्मा डोळ्यांवर ओढला, पंख आपटत टोकापर्यंत गेला आणि मिस्टर टॉर्बेनच्या समोर, त्यांच्यापासून दोन हातांवर, पाण्यात उडी मारली. अर्ध्या तासापूर्वी स्वतःच बसवलेलं लोखंड तो बघायला गेला होता.

मिस्टर टॉर्बेननी घड्याळात पाहिलं. पाऊण मिनिटानंतर ईव्हर वर आला.

"काय म्हणतोस?" त्यांनी विचारलं.

"वरच्या जोडकडीच्या तारेचं टोक बाहेर राहिलंय. दोर घासेल त्यावर."

"काम कुणाचं?"

"माझं."

"मग माझ्याकडे काय बघतोस?" ते म्हणाले, आणि ईव्हर परत खाली गेला. मिस्टर टॉर्बेन दोर वर धरून थांबले होते.

मार्चमध्ये ते तिघं उत्तरेला निघून गेले. दर डिसेंबरला आता खाली मी जाते. वर येऊन काय दिसलं ते सांगते. मिस्टर टॉर्बेन सगळं ऐकून घेतात आणि मला परत खाली पाठवतात.