पिवळट दाखवणारा टीव्ही

कुठलीही वस्तू घेताना तिच्यातली खोट शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. रत्नागिरीतल्या एका कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत मी बत्तीस वर्षं सहायक म्हणून काढली. मुलांच्या हातात व्हर्नियर द्यायच्या आधी त्याचे जबडे मिटवून बघायचे, शून्य शून्यावर बसतंय का. बसत नसेल तर तेवढा फरक प्रत्येक मापातून वजा करायचा. याला झिरो एरर म्हणतात. नवीन मुलं तो विसरतात आणि मग उत्तर का चुकलं म्हणून डोकं खाजवत बसतात. मी कधी विसरलो नाही. उपकरण खोटं बोलतं, हे माझ्या अंगात इतकं मुरलं होतं की माणूस खरं बोलत असेल ही शक्यता माझ्या ध्यानातच यायची नाही.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी पंधराएक दिवस धाकट्या भावाचा आईला फोन आला. तो नालासोपाऱ्याला एका खोलीत एकटा राहायचा आणि कापडाच्या गोडाऊनमध्ये कामाला होता. लग्न त्याने केलं नव्हतं. "आये, यंदा जमत नाय गो. सुट्टी नाय," तो म्हणाला. आमच्याकडचा मुंबईतला माणूस सख्ख्या भावाच्या लग्नाला दांडी मारेल, पण गणपतीला मारायचा नाही. त्यासाठी नोकरीवर पाणी सोडून आलेले मी पाहिलेत. आईने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "त्याला काय तरी झालाय. मला एकदा त्याला बघू दे."

मी म्हटलं, बघ की. व्हिडिओ कॉल लावून मोबाइल तिच्या हातात दिला. ती तो लांब लांब धरत गेली आणि शेवटी हात पुरेना. तिच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आहेत. लांबचं तिला माझ्यापेक्षा स्वच्छ दिसतं. पट्टी काढून घरी आली तेव्हा तिने सगळ्यात आधी आमच्या पडद्यांवरचा मळ दाखवून दिला होता आणि माझी बायको आठ दिवस फुगून होती. पण जवळचं दिसायला चष्मा लागतो, आणि चष्म्याशी तिचं जमत नाही. मग माझ्या डोक्यात आलं की एक मोठा टीव्ही घ्यावा, फोन त्याला जोडावा आणि भावाला चांगला भिंतीएवढा करून तिच्यासमोर बसवावा. कल्पना वाईट नव्हती. अजूनही मला ती वाईट वाटत नाही.

नावाजलेल्या कंपनीचा पंचावन्न इंची टीव्ही माझ्या पेन्शनीच्या आवाक्याबाहेर होता. मारुती मंदिराकडे एका दुकानात कधी नाव न ऐकलेल्या कंपनीचा तेवढाच टीव्ही निम्म्या किमतीत मिळत होता. तो बघायला मी तीनदा गेलो. दुकानात पोपट, धबधबे आणि कापलेली फळं असला व्हिडिओ चालू असतो. त्यावर कुठलाही टीव्ही देखणाच दिसतो. मी पेन ड्राइव्हमधून माझा माल नेला होता: एक कोरी पांढरी पाटी, एक काळी पाटी, करड्या रंगाचे दहा पट्टे आणि आमच्याच घराचा भर दुपारी काढलेला फोटो. काळी पाटी लावली तर उजव्या हाताचा खालचा कोपरा धुरकट उजळलेला. बाजूला सरकून बघितलं की चेहरे फिके पडत. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. रिमोटचं बटण दाबलं की तो जरा विचार करायचा आणि मगच हलायचा. तिसऱ्या दिवशी दुकानदार म्हणाला, "काका, टीव्ही घ्यायचाय की ह्याला मुलगी द्यायचीय?"

मी हसलो, पण पिशवीतून झेरॉक्सचा कोरा कागद काढून पडद्यावरच्या पांढऱ्या पाटीला लावलाच. कागदाशेजारी पाटी पिवळट दिसत होती. "पिवळट मारतो हा," मी म्हटलं. "वॉर्म टोन आहे काका, डोळ्यांना बरा," तो म्हणाला. मी टीव्ही घेतला. माणसाचा चेहरा बघायला एवढं पुरे होतं. शिवाय खोट कुठे आहे ते मला कळलं होतं, आणि कळलेल्या खोटेची मला भीती वाटत नाही. ती वजा करता येते.

आई अर्धं आयुष्य पावस गावाच्या बाजूला एका बागायतदाराकडे आंब्याच्या कामाला जात होती. गवतात पिकायला घातलेल्या हापूसमधून तयार झालेला आंबा नुसत्या रंगावरून काढायचा, हे तिचं काम. टीव्ही लावला त्या दिवशी आंब्याच्या रसाची कसलीशी जाहिरात आली. "ह्यो कारबायडचा," असं म्हणून तिने तोंड फिरवलं. टीव्हीची तिने केलेली परीक्षा एवढीच.

गणपतीच्या दिवशी आरतीच्या वेळी भाऊ भिंतीवर आला. आई समोरच्या खुर्चीत बसली होती. आरतीत तिचं लक्ष नव्हतं, ती त्यालाच बघत होती. "बारीक झालास रे," ती म्हणाली. "कॅमेऱ्यात तसाच दिसतो गो, आये," तो म्हणाला. मग दर रविवारी सकाळी दहाला त्याने फोन करायचा असं ठरलं. आई साडेनऊलाच खुर्चीत येऊन बसायची. तिचा जीव जरा भांड्यात पडला असं मला वाटलं आणि मी स्वतःवर खूश झालो.

पितृपक्षातल्या एका रविवारी फोन संपल्यावर ती तशीच बसून राहिली. आईच्या बोलण्यात ळ नाही, ती ल म्हणते. "त्याचं डोलं पिवलं दिसतात," ती म्हणाली.

मी तिला अगदी अकरावीच्या मुलाला समजवावं तसं समजावलं. हा टीव्ही स्वस्तातला आहे, याचा पांढराच मुळात पिवळट आहे, मी दुकानात कागद लावून बघितलंय. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "टीवी पिवला दाखवतो, तर मागला शर्ट पांढरा कसा?"

भावाच्या मागे दोरीवर त्याचा कामावरचा पांढरा शर्ट वाळत असायचा. तो पांढराच दिसला होता. हे मला तेव्हाही आठवत होतं. चौथी शिकलेल्या बाईने माझ्या प्रयोगशाळेतला प्रश्न मला विचारला होता आणि मला त्याचा राग आला. "तुला ऑपरेशन झाल्यापासून सगळंच जरा जास्त दिसतं," मी म्हणालो. हे वाक्य मी आता किती वेळा मनात परत घेतलंय, सांगता येणार नाही.

मी तपासलं नाही असंही नाही. पुढच्या फोनला मोबाइलमध्ये डोकं घालून बघितलं. तिथे त्याचे डोळे तांदळाच्या दाण्याएवढे होते. मला ते ठीक वाटले. ते ठीक असावेत असं मला हवं होतं. नसते तर मला मुंबई गाठावी लागली असती, आणि घरात त्याच आठवड्यात प्लंबर यायचा होता.

त्या शनिवारी मी टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरलो. रंगाचा गरमपणा कमी करत, कागद लावून बघत, दोन तास घालवले. शेवटी पाटी आणि कागद एकसारखे पांढरे झाले. तिथे मी थांबायला हवं होतं. रविवारी भाऊ आला तेव्हा शर्ट पांढरा होता, मागची भिंत पांढरी होती, आणि त्याचे डोळे अजून पिवळट होते. आई माझ्याकडे बघत होती. मी रिमोट उचलला आणि आणखी दोन घरं खाली गेलो. मग आणखी तीन. हळूहळू त्याच्या डोळ्यांतला पिवळा उतरला. चेहऱ्यावर तरतरी आली. तो तिकडे गोडाऊनमधल्या मुकादमाची नक्कल करून दाखवत होता, मध्येच दंड खाजवत होता.

"बघ," मी आईला म्हटलं.

ती बराच वेळ बघत राहिली. "शर्ट निला झाला," ती म्हणाली.

"नीळ जास्त घातली असेल त्याने," मी म्हणालो आणि स्वतःच हसलो.

त्यानंतर तिने वाद घातला नाही. मी माझ्या हाताने भावाच्या डोळ्यांतली कावीळ पुसली होती आणि सेटिंग सेव्ह करून ठेवलं होतं.

दसऱ्यानंतर त्याचे फोन नुसते आवाजाचे येऊ लागले. नेट मिळत नाही म्हणायचा. जेवण जात नाही, तेल बदललंय खानावळीने, म्हणायचा. दिवाळीला आला नाही. भाऊबीज झाल्यावर दोन दिवसांनी त्याच्या शेजारच्या खोलीतल्या माणसाने फोन केला: जिन्यात पडला, हॉस्पिटलात ठेवलाय, कोणीतरी या.

त्याची खाट खिडकीशी होती. उन्हात तो हळद लागल्यासारखा दिसत होता, आणि त्याला तर कधी हळद लागली नव्हती. मला बघून उठायला गेला. तेवढ्यात डॉक्टर आली. पोरसवदा होती, पण शांत होती. तिने त्याची पापणी खाली ओढून बघितली आणि विचारलं, "डोळे कधीपासून पिवळे आहेत?"

"आठ-धा दिवस असतील," भाऊ म्हणाला. "बाजूवाल्यानं सांगितलान."

"नाही," मी म्हणालो. "पितृपक्षापासून. आमच्या आईने बघितलं होतं."

डॉक्टरने ते लिहून घेतलं. भावाने मान वळवली. त्याच्या तोंडावर राग नव्हता. मी एखादी बातमी सांगावी आणि त्याने पुढचं विचारावं, तसं त्याने विचारलं. "दादा, मग मला नाय सांगितलंस ते?"

त्याच्या खोलीत मी नंतर सामान आणायला गेलो. खिडकी इमारतीच्या अंधाऱ्या डक्टमध्ये उघडत होती. एकच बल्ब, तोही पिवळा. तो अंधारात निघायचा आणि अंधारात परत यायचा. लघवीचा रंग बदलला तर पाणी कमी पडतंय म्हणायचा, खाज सुटली तर घाम म्हणायचा. त्याच्या तोंडाकडे लक्ष देऊन बघणारं जगात एकच माणूस होतं आणि ते रत्नागिरीला खुर्चीत बसलेलं होतं.

पित्ताच्या नळीवर गाठ होती आणि ती पुढे यकृतात गेली होती. "दीड महिना आधी आलो असतो तर?" मी डॉक्टरला विचारलं. "सांगता येत नाही," ती म्हणाली. हो म्हणाली असती किंवा नाही म्हणाली असती तरी मी ते घेऊन कुठेतरी बसलो असतो. हे घेऊन कुठे बसता येत नाही.

त्याला आम्ही घरी आणलं. आई त्याच्या उशाशी बसून असायची. एकदा मी पेजेची वाटी घेऊन आत गेलो तेव्हा ती त्याला विचारत होती, "माज्यापासून का लपवलंस रे?" त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता सांगतो. मग तो म्हणाला, "तुला तरास नको म्हनून, आये." मी वाटी स्टुलावर ठेवली आणि बाहेर आलो. शिमग्याच्या आधी तो गेला.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई एकच गोष्ट सांगायची. "लपवलान माज्यापासून. मी आवस त्याची, आनि माज्यापासून लपवलान." तो गेल्याचं दुःख तिने कसं तरी गिळलं होतं, हे तिला गिळता येत नव्हतं. बायका तिची समजूत काढायच्या, मुलगे असेच असतात म्हणायच्या. मी लोकांना चहा द्यायचो आणि कप गोळा करायचो. तीन महिने मी हे ऐकलं. मेलेल्या भावाच्या आड लपून ऐकलं, हे लिहितानाही लाज वाटते.

गेल्या आठवड्यात दुपारी ती पडवीत कुळीथ निवडत बसली होती. घरात दुसरं कोणी नव्हतं. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि सांगून टाकलं. रिमोटचं सांगितलं, डॉक्टरच्या प्रश्नाचं सांगितलं, आणि त्याने मला काय विचारलं तेही सांगितलं. तिचे हात सुपात थांबले.

"म्हंजे त्याला म्हाईतच नव्हता?"

"नव्हतं."

"लपवलान नाय."

"नाही, आये."

"लपवलान नाय," ती पुन्हा म्हणाली. दिवाळीपासून आवळून धरलेला तिचा चेहरा माझ्यादेखत सैल झाला आणि ती रडली. पदराने तोंड पुसत, मध्येच हुंदका देत, पुष्कळ वेळ रडली. मला वाटलं, एवढं तरी माझ्या हातून झालं.

मग तिने सूप बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"पन तुला मी सांगितला व्हता," ती म्हणाली.