बेटावर गाडी चालवताना

व्हिसाच्या फॉर्मला फोटो लागायचे दोन, आणि स्टुडिओवाला द्यायचा चार. उरलेले दोन लोक आमच्याकडेच विसरून जायचे. असे फोटो साठून साठून बिस्किटांचा एक मोठा डबा भरला होता. किस्स्यांचंही तसंच झालं. लोकांचं काम व्हायचं, लोक आपल्या घरी जायचे, आणि मागे जे उरायचं ते माझ्याकडे. डबा ऑफिसातल्या बाईंनी पुढे कधीतरी रिकामा केला. माझा कोण करणार?

मी घाटकोपरला, पूर्वेला, भांड्यांच्या दुकानावरच्या एका ट्रॅव्हलच्या ऑफिसात शिपाई होतो. ऐंशी सालानंतरची ही सगळी वर्षं. छातीच्या दुखण्यानं गिरणी सुटली तेव्हा ऑफिसच्या मालक साहेबांनी मला ठेवून घेतलं होतं. शाळा मी पाहिली नाही. अक्षरं शिकलो ती फॉर्मवरून, म्हणून माझं लिहिणं अजून एकेक चौकोनात बसवल्यासारखं येतं. काम एवढंच, की पासपोर्ट पिशवीत घालायचे, वकिलातीच्या रांगेत उभं राहायचं आणि शिक्का घेऊन यायचं. रांगेत उभं राहणं मला जमतं.

आमची मोठी टूर म्हणजे जहाजाची. सहारहून विमानानं तिकडे जायचं, मग आठ दिवस समुद्रावर. मधे एक बेट. बेटाला जहाज सकाळी लागायचं आणि संध्याकाळी पाचला सुटायचं. तेवढ्या वेळात भाड्याची गाडी घ्यायची, कड्याच्या कडेकडेनं वर जायचं, वरच्या कट्ट्यावरून समुद्र बघायचा आणि खाली यायचं. फार सुंदर रस्ता, सगळे सांगायचे. रस्ता एकच. जायला तोच, यायला तोच.

पहिल्या खेपेला साहेब स्वतः गेले. "आपण चालवल्याशिवाय गिऱ्हाइकाला काय सांगणार?" म्हणाले. सकाळी दहाला त्यांनी गाडी घेतली. दुसऱ्या दिवशी ती वरच्या कट्ट्याजवळ सापडली, नीट लावलेली, कुलूप घातलेलं. साहेब सापडले नाहीत. जहाज थांबत नसतं, ते आदल्या दिवशीच सुटलं होतं. बोटीवर पासपोर्ट कप्तानाच्या ऑफिसात जमा करतात, त्यामुळे साहेबांचा पासपोर्ट तेवढा महिन्याभरानं पोस्टानं घरी आला.

त्यानंतर ऑफिस वसुधाबाईंनी चालवलं. साहेबांच्या मिसेस. त्यांनी एक पद्धत पाडली. जो कोणी त्या टूरवरून परत येईल, त्याला बसवायचं, चहा द्यायचा आणि विचारायचं, पुढच्या माणसाला सांगण्यासारखं काय आहे? विचारायचं मी. बाई पार्टिशनच्या पलीकडे टाइप करत असायच्या. पण माणूस बोलायला लागला की टाइपरायटर थांबायचा.

* * *

कापडाचे व्यापारी एक पोपटशेठ होते, आमच्याच गल्लीतले. त्यांचा फॉर्म त्यांच्या भाच्यानं भरला आणि व्हिसा एकदाच आत जायचा आला. जहाज त्या देशाच्या मोठ्या बंदराला आधी लागतं, मग दुसऱ्याच देशात जाऊन पुन्हा या बेटावर येतं. म्हणजे आत जाणं दोनदा. शेठना बेटावर उतरूच दिलं नाही. बाकी सगळे गाड्या घेऊन गेले आणि शेठ दिवसभर डेकवर, गळ्यात दुर्बीण.

"मग काय केलंत?" मी विचारलं.

"काय करणार, काका? डोंगर बघितला. वर कट्ट्यावर एक माणूस हुता. पांढरा बुशकोट. मी हात केला, त्यानं पण केला. मी चा पिऊन आला, तो तिथंच. जेवून आला, तिथंच. आपला माणूस वाटला ना, म्हणून बघत बसला."

"शेवटपर्यंत तिथेच?"

"पाचला भोंगा झाला, तर तो घड्याळ बघायला लागला. मी बोलला, अरे भाई, तुझी पण हीच बोट हाय काय?" शेठ खूप हसले.

पुढच्याला सांगण्यासारखं म्हणजे, व्हिसा दोनदा आत जायचा घ्या. हे मी पुढे प्रत्येकाला सांगितलं.

टाइपरायटर त्या दिवशी परत चालू झाला नाही.

* * *

मुलुंडचे एक गणिताचे सर होते. इंटरनॅशनल परमिट काढून स्वतः गाडी चालवणारे. तिकडे गाड्या उजव्या बाजूनं चालतात. सवय नसते, म्हणून मिसेसनी शेजारी बसून दर वळणाला "उजवीकडे, उजवीकडे" म्हणायचं असं ठरलं होतं.

सर सांगत होते, "उतरताना एका वळणावर मी अगदी डावीकडे गेलो होतो, काका. समोरून ट्रक. तेवढ्यात ही म्हणाली, उजवी बाजू, उजवी बाजू. घेतली म्हणून वाचलो."

मिसेस कपातल्या चहाकडे बघत होत्या. म्हणाल्या, "मी झोपले होते, हो. तीनदा सांगितलं यांना."

"मग बोललं कोण?"

"ते मी त्यांनाच विचारतेय. आवाज मागच्या सीटवरून आला असं हेच त्या दिवशी म्हणाले होते. आता नाही म्हणतात."

सर म्हणाले, "पुढच्याला एवढंच सांगा, बायकोला झोपू देऊ नका."

* * *

बाईंची अडचण काय होती ते इथे सांगायला हवं. सासूबाई बोरिवलीला धाकट्या मुलाकडे असायच्या. वर्षातून एकदा ऑफिसात यायच्या, खुर्चीवर न बसता उभ्या उभ्या बोलायच्या. "वसुधा, तो आहे तर घेऊन ये. नाही तर नाही म्हण. माझ्या लेकाच्या नावानं पाणी तरी पडू दे."

बाई त्यांना जिन्यापर्यंत पोचवून यायच्या. कपाळावर कुंकू रोज असायचं. पण कधी कधी मी सकाळी लवकर झाडायला यायचो, तर बाई छोट्या आरशासमोर बोट वर धरून तशाच उभ्या असायच्या. लावू की नको, असं.

जाऊन बघावं, तर व्हिसा मिळेना. तीनदा नाकारला. तिसऱ्यांदा मी बरोबर होतो. खिडकीवरचा माणूस मराठीच होता, स्वभावानं वाईट नव्हता.

"बाई, आमच्या कागदावर तुमचे मिस्टर आत गेलेत. बाहेर आल्याची नोंद नाही. आता तुम्हीही गेलात तर दोघं आत. आम्हाला वाटणार, तुम्ही राहायलाच गेलात."

"ते कुठे आहेत तेच बघायला जायचंय."

"ते गेले असतील तर दाखला आणा, लगेच देतो."

"गेल्याचं मला माहीत नाही."

"मग आहेत. म्हणूनच तर देता येत नाही." आणि त्यानं मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

* * *

अंधेरीचे दोघे मित्र होते, बँकेतून रिटायर झालेले. ते बेटाचा नकाशा घेऊन आले. भाड्याच्या गाडीच्या कप्प्यात मिळाला म्हणाले. त्यावर पेन्सिलीनं मराठीत बारीक बारीक लिहिलेलं होतं. इथे पेट्रोल भरून घ्या. इथे ऊन पाठीवर येतं, फोटो इथे काढा. पुढे बोगदा, दिवे लावा.

"तुमच्याच ऑफिसानं ठेवला असणार. झकास काम केलंत, काका," एकजण म्हणाला.

बाई पार्टिशनच्या बाहेर आल्या. गिऱ्हाइकासमोर त्या अशा कधी यायच्या नाहीत. नकाशा हातात घेऊन उभ्या राहिल्या. अक्षर मलाही ओळखू आलं. साहेबांनी भरलेल्या फॉर्मातल्या याच अक्षरावरून मी 'घ' काढायला शिकलो होतो.

"त्याच गाडीत विसरले असतील," मी म्हटलं. त्यांना धीर यावा म्हणून.

दुसरा मित्र म्हणाला, "पण बोगदा तर नवीन आहे. गाडीवाला सांगत होता, गेल्या वर्षीच चालू झाला. त्याआधी डोंगराला वळसा घालून जायचे."

बाई तो नकाशा घेऊन पुन्हा वकिलातीत जाणार होत्या. जिन्यापर्यंत गेल्या आणि परत आल्या. म्हणाल्या, "काका, हा दाखवला तर ते म्हणतील, बघा, आहेत. मग कधीच देणार नाहीत."

* * *

साहेब बेटावर राहिले त्याला आठवं वर्ष होतं. बाईंनी चौथा फॉर्म भरला आणि मला एकट्यालाच पाठवलं, 'नाही' ऐकायला आता मी येत नाही, म्हणाल्या. खिडकीवर नवा माणूस. त्यानं फॉर्म नेला, आत कुठेतरी पाहून आला आणि दुपारपर्यंत थांबायला सांगितलं. दुपारी पासपोर्ट हातात दिला. व्हिसा होता.

मी विचारलं, "आणि ते साहेबांचं? बाहेर आल्याची नोंद नव्हती ते?"

"आहे की," तो म्हणाला. "परवाची आहे. बंदरावरून गेलेत."

"कुठे?"

"ते आम्ही लिहीत नाही, काका. गेले एवढं लिहितो."

मी हे बाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग उठून जिन्याकडचं दार उघडं केलं. आठ दिवस ऑफिसचं दार उघडं ठेवलं होतं. पावलं वाजली की बोटं टाइपरायटरवरून उचलायच्या. वर आले ते गिऱ्हाईक आणि पोस्टमन. नवव्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "तिकीट काढा. एकटीचं."

* * *

बाई पंधरा दिवसांनी परत आल्या. सहारला मी घ्यायला गेलो होतो. सामान उचलताना त्यांनी फक्त माझी छाती बरी आहे का विचारलं. टॅक्सी घाटकोपरकडे वळवू नका म्हणाल्या, आधी बोरिवलीला चला.

तिथे सासूबाईंच्या पाया पडल्या आणि म्हणाल्या, "आई, जे करायचं ते करून घ्या." धाकट्या दिरानं दर्भाचा पुतळा करून सगळं रीतसर केलं. म्हातारी आठ वर्षांत पहिल्यांदा मोकळी रडली. बाईंनी कुंकू आपल्या हातानं पुसलं. रडल्या नाहीत. त्या टूरचं नाव त्यांनी पाटीवरून काढून टाकलं.

मी विचारलं नाही. दोन महिने गेले असतील. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. बाई पार्टिशनच्या बाहेर आल्या आणि लोकांना आम्ही बसवायचो तिथे बसल्या. मी चहा ओतला.

"ड्रायव्हरवाली गाडी घेतली, काका. सगळा रस्ता पाहिला. वर कट्ट्यावर चारपर्यंत थांबले. कुणी नव्हतं. वारा होता नुसता. ड्रायव्हर म्हणाला, मॅडम, बोट जाईल. मग उतरले."

"वाटेत?"

"वाटेतही कुणी नाही. जहाजावर गेले. माझी एकटीची केबिन, किल्ली माझ्या पर्समध्ये. फिरवली तर दार उघडेना. साफसफाईचा माणूस आला, त्यानं त्याची लावून पाहिली. म्हणाला, आतून कडी घातलीय, मॅडम, ठोका."

"ठोकलंत?"

"ठोकलं."

खाली दुकानात कुणीतरी पातेल्यात पातेली रचत होतं. मी थांबलो. मला घाई नसते.

"कडी निघाली," बाई म्हणाल्या.

"मग?"

"मग काय, काका. मी आत गेले. आठ वर्षांनी समोर होते, तसेच, त्याच पांढऱ्या बुशकोटात." त्यांनी चहाचा घोट घेतला. "जेवलात का, मी विचारलं आधी."