घरचं माणूस घेऊन या

जाधवमावशी कोणाबरोबर हॉस्पिटलात गेली, की आत बोलावणं येण्याआधी त्या माणसाला दोन घास खायला लावायचीच. पिशवीत स्टीलचा डबा असे, त्यात कधी चपातीभाजी, कधी शिरा. बाकावर घाबरून बसलेल्याच्या हातात तो डबा द्यायचा आणि म्हणायचं, "उपाशीपोटी रिपोर्ट ऐकायचा नाय. चांगला असला तरी चक्कर येते."

परळच्या आमच्या चाळीत कोणाचा रिपोर्ट यायचा असला की मावशीला बरोबर न्यायची रीतच पडली होती. एका मोठ्या हॉस्पिटलात तीस वर्षं आयाची नोकरी करून ती रिटायर झाली होती. लोक कौतुकानं सिस्टर म्हणत, ते तिला खपत नसे. "सिस्टर शिकून होतात. मी आया. मी पेशंटला संडासाची भांडी दिलीत नि चादरी बदलल्यात," असं ती तोंडावर सांगायची. डॉक्टरांच्या वागण्यावरून तिला रोग कळतो असा चाळीचा विश्वास होता, आणि तिचा स्वतःचा तर त्याहून जास्त. माझ्या वडिलांचं पोट दुखायला लागलं तेव्हा घरात सगळ्यांच्या मनात नको ते येत होतं. हॉस्पिटलात मावशीने डॉक्टरच्या खोलीच्या दारातून एकदा आत पाहिलं आणि सांगून टाकलं की मुतखडा आहे, डॉक्टर नर्सबरोबर क्रिकेटच्या गप्पा मारतोय, मोठं काही असतं तर गप्प बसला असता. मुतखडाच निघाला. तेव्हापासून वडील देवाच्या खालोखाल मावशीला मानायला लागले.

तीच मावशी पाच वर्षांपूर्वी एका शुक्रवारी संध्याकाळी आमच्या दारात आली आणि मला म्हणाली, "बुधवारी रजा टाकशील काय ग?"

मानेच्या डाव्या बाजूला आलेली गाठ तिने दोन महिने पदराखाली झाकली होती. मग त्या शुक्रवारी सकाळी एकटीच जाऊन गाठीचा तुकडा तपासायला देऊन आली. त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, पुढच्या वेळी घरचं माणूस घेऊन या. मावशीच्या लेखी निकाल तिथेच लागला होता. "त्याच्या पुढं काय असतं ते मला पाठ हाय," ती म्हणाली. "मी तिथंच ट्रे घेऊन उभी असायची." दुसरंही काही कारण असू शकेल, असं मी म्हणून पाहिलं. तिने माझ्याकडे लहान पोराकडे बघावं तसं बघितलं. तिचा एकुलता एक मुलगा मिलिंद कल्याणला राहत होता, बायको-मुलांबरोबर. त्याला का नाही नेत, विचारल्यावर म्हणाली, त्याला सांगायचं नाही. पोराचं तोंड तिथे बघवणार नाही.

मधले दिवस तिने शांतपणे कामं उरकण्यात घालवले. जास्तीची भांडी तळमजल्यावरच्या नव्या सुनेला दिली. पेन्शनचे कागद एका पिशवीत घातले. मला बजावलं की विहारात साधी वंदना घ्यायची, जेवणावळ घालायची नाही, आणि डोळे द्यायचेत ते सहा तासांच्या आत, रडारडीत विसरायचं नाही. मला तिचा भयंकर राग आला होता. पाहुणे येणार म्हणून घर आवरावं तसं कोणी मरण आवरतं का? पण तिला तसं म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

बुधवारी बाकावर बसल्यावर तिने डबा उघडून माझ्यापुढे धरला. स्वतः सकाळपासून पाणीसुद्धा प्यायली नव्हती. मी खाल्लं, काय खाल्लं ते आठवत नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. फाइल उघडून म्हणाल्या, "मावशी, टीबीची गाठ आहे. कॅन्सर नाही. सहा महिने गोळ्या घ्यायच्या."

मावशीचा विश्वास बसेना. माझ्याशी खोटं बोलू नका, मी याच लायनीतली आहे, म्हणाली. मग डॉक्टरांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि मी तो दोनदा वाचून दाखवला. लिहिलेलं तेच होतं.

"मग घरचं माणूस कशाला बोलवलंत?"

गोळ्या कोणाच्या तरी नजरेसमोर घ्यायला हव्यात म्हणून, डॉक्टर म्हणाल्या. थोडं बरं वाटलं की लोक मधेच सोडतात, त्यामुळे टीबीचा संशय असला की त्या सगळ्यांनाच तसं सांगत. मावशी उठून उभी राहिली. "असं सांगत जाऊ नका बाई. पाच दिवस मेलेली होते मी." डॉक्टरांनी हात जोडले.

गेटाबाहेर आल्यावर मात्र ती कट्ट्यावर बसली आणि पदर तोंडात धरून रडली. तिचे वडील गिरणीत होते. ते टीबीनेच गेले. दोन महिन्यांत बरं वाटलं, इंजेक्शनच्या पायी गिरणीतली पाळी बुडायची, म्हणून औषध सोडलं. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. पुढे त्या रोगाचं नाव घरात कोणी काढलं नाही. "नि आज तोच झाला म्हणून मला आनंद झालाय," ती म्हणाली. "बापाला काय वाटंल ग?" मी नुसती तिचा हात धरून बसले, आणि मग मलाही रडू आलं.

घरी येताना तिने पेढे घेतले आणि चाळभर वाटले. कशाचे पेढे, असं विचारलं की सरळ सांगायची, टीबी झाला. घेणाऱ्याचा हात अर्ध्यावर थांबायचा. "गाठीचा हाय, पसरत नाय, घे," म्हणून ती पेढा हातावर ठेवायचीच.

संध्याकाळी मीच हट्टाने मिलिंदला फोन लावून दिला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाला, "चाळीतल्या सगळ्यांबरोबर गेलीस आई. तुझ्याबरोबर यायला मी घरचा नाय?"

सहा महिने रोज सकाळी तिने माझ्यासमोर गोळ्या घेतल्या. गिळल्यावर आ करून दाखवायची, वॉर्डात पेशंटना करायला लावायची तसा. रविवारी मिलिंद येई, तेव्हा हे काम त्याच्याकडे असे. शेवटच्या तपासणीला तिने त्यालाच नेलं, मला विचारलंही नाही. खरं सांगायचं तर मला ते लागलं.

मावशी मागच्या वर्षी गेली. झोपेत हृदय थांबलं, कुठल्या रिपोर्टची वाट बघायची वेळच आली नाही. पण तिचं नाव निघालं की मला आठवते ती त्या शेवटच्या तपासणीची दुपार. मिलिंद खाली रिक्षावाल्याचे पैसे देत होता. मावशी जिना चढून आली आणि गॅलरीत माझ्याशेजारी टेकली. डॉक्टरांनी पूर्ण बरी म्हणून सांगितलं होतं.

"तिथंच रडायला लागला ग," ती म्हणाली. "एवढा बाप्या, सगळ्यांसमोर. मागल्या वेळी नेला असता तर मागल्या वेळीच रडून मोकळा झाला असता. सहा महिने पोटात घेऊन फिरला माझा पोरगा."